तीन संगणकांवर एक नाटक: ४के फुटेज संपादित करताना

संपादनाला बसण्याआधी मी प्रत्येक फाइल मीडियाइन्फो या छोट्या मोफत प्रोग्राममध्ये उघडून पाहिली. आमच्या नाटकाच्या एका प्रयोगाचं हे चित्रीकरण होतं. जवळपास दोन तासांचा प्रयोग, दोन कॅमेरे, विंगेत एक फोन आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर. तिन्ही ठिकाणचं चित्र ३८४० × २१६० चंच होतं, म्हणजे सगळे ज्याला सरसकट ४के म्हणतात ते. पण मीडियाइन्फोत तीन वेगळ्याच गोष्टी दिसल्या. समोरच्या मुख्य कॅमेऱ्याच्या फाइल एच.२६५ मध्ये, १०-बिट, ४:२:२. बाजूच्या कॅमेऱ्याच्या एच.२६४ मध्ये, ८-बिट, ४:२:०. फोनच्या फाइल एच.२६५ मध्ये आणि फ्रेमरेटच्या (सेकंदाला किती फ्रेम) रकान्यात ‘व्हेरिएबल’, म्हणजे बदलता. एच.२६४ आणि एच.२६५ या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धती; बिट म्हणजे रंगाच्या छटा किती बारीक नोंदल्या ते; आणि ४:२:२, ४:२:० म्हणजे रंगाचा तपशील किती ठेवला ते (४:२:२ मध्ये जास्त).

पुढचे सगळे निर्णय या माहितीवर झाले. हाताशी तीन संगणक होते. माझा विंडोजचा जुना लॅपटॉप: इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. आमच्या गटातल्या एकाचा लिनक्सवर चालणारा डेस्कटॉप. आणि मैत्रिणीचा एम१ चिपचा, १६ जीबीचा मॅक मिनी, जो तिने काही आठवडे वापरायला दिला. त्यामुळे तेच फुटेज तीन यंत्रणांवर, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघायची संधी मिळाली. अशी संधी एरवी मिळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी फुटेज जड का होतं ते सांगते, कारण बहुतेक जण ४के या आकड्यालाच घाबरतात. एचडीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात आणि ४के फ्रेममध्ये सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे बरोबर चौपट. काम चौपट होतं, हे खरंच. पण माझा लॅपटॉप बाजूच्या कॅमेऱ्याच्या ४के फाइल बऱ्यापैकी चालवत होता आणि मुख्य कॅमेऱ्याच्या फाइलपुढे जागीच थिजत होता. पिक्सेल दोन्हीकडे तेवढेच, आणि डेटाही दोन्हीकडे सेकंदाला सुमारे १०० मेगाबिट. फरक होता तो फाइल उलगडण्याच्या पद्धतीत.

एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण असते आणि तिच्या पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद असते. जमाखर्चाच्या वहीत महिन्याच्या मधल्या एखाद्या दिवसाची शिल्लक हवी असेल तर आरंभीच्या शिलकेपासून सगळ्या नोंदी जोडत यावं लागतं, तसंच हे. सलग बघताना अडचण येत नाही. संपादन करताना मात्र आपण सतत मध्येच उडी मारतो, मागे जातो, एकेक फ्रेम सरकवतो आणि प्रत्येक वेळी संगणकाला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून हिशेब करावा लागतो. दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी बघायचे तर हाच हिशेब दुप्पट-तिप्पट.

हे काम प्रोसेसरच्या सर्वसाधारण ताकदीवर टाकलं तर तो दमतो. म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठी वेगळा भाग असतो. पण तो ठरावीक प्रकारच्याच फाइल उलगडतो. माझ्या आठव्या पिढीच्या इंटेलमधला हा भाग १०-बिट एच.२६५ उलगडतो, पण ४:२:० असेल तरच. ४:२:२ त्याला येत नाही. डेस्कटॉपवर इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अंगभूत ग्राफिक्समध्ये ही सोय आली. एनव्हिडियाच्या कार्डांत तर ४:२:२ उलगडण्याची सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत नव्हती. त्याआधीचं भलंमोठं कार्ड घेतलेल्या माणसाच्याही टाइमलाइनवर (शॉट ओळीने मांडायच्या पट्टीवर) हे फुटेज का अडखळतं, याचं उत्तर इथे आहे. ॲपलच्या एम१ मध्ये ही सोय २०२० पासूनच आहे.

आता सॉफ्टवेअरकडे येते.

लॅपटॉपवर मी पहिल्यांदा डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घेतली. रंगसंस्कारासाठी मोठमोठ्या स्टुडिओंत वापरली जाणारी ही प्रणाली ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये विकत घेतली आणि पुढे तिची मोफत आवृत्तीही काढली. मोफत आवृत्तीत ३८४० × २१६० पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट करता येतं आणि वॉटरमार्क येत नाही. आमच्या कामाला हे पुरेसं होतं. मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहेत. विंडोजवर मी वापरलेल्या मोफत आवृत्तीत १०-बिट ४:२:२ च्या एच.२६५ फाइल थेट चालत नाहीत, त्याला स्टुडिओ ही विकतची आवृत्ती लागते. ग्रेन (अंधाऱ्या चित्रात दिसणारे दाणे) कमी करायची साधनंही स्टुडिओतच आहेत. म्हणजे मुख्य कॅमेऱ्याचं फुटेज जसंच्या तसं घेऊन लॅपटॉपवर बसणं शक्यच नव्हतं.

ॲडोबीचं प्रीमियर प्रो मी चाचणीच्या मुदतीत वापरून पाहिलं. ते या फाइल उघडतं, पण उलगडण्याचा सगळा भार प्रोसेसरवर येतो. प्लेबॅकचं रिझोल्यूशन पाववर आणलं तरी दोन कॅमेरे एकत्र चालेनात. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. अकराव्या पिढीच्या लॅपटॉपवर हेच प्रीमियर हेच फुटेज सुरळीत चालवेल. पण प्रीमियर २०१३ पासून फक्त वर्गणीवर मिळतं आणि नाटकाच्या गटासाठी मला हा मुद्दा मोठा वाटतो. नाटकाचं चित्रीकरण पाच-सात वर्षांनी पुन्हा उघडायची वेळ येते. कुणी नट निवर्ततो, कुठे महोत्सवासाठी दहा मिनिटांचा तुकडा हवा असतो. तेव्हा प्रोजेक्ट उघडण्यासाठी पुन्हा वर्गणी भरावी लागणं मला पटत नाही. रोज व्यावसायिक काम करणाऱ्याचा हिशेब वेगळा असेल, हे मान्य आहे.

शॉटकट मात्र अनपेक्षितपणे आवडलं. मोफत, मुक्त स्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे चालणारं. त्यात प्रिव्ह्यूचं रिझोल्यूशन कमी करायची सोय आहे, २०२० पासून प्रॉक्सीही (संपादनापुरत्या हलक्या प्रती) आहेत. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे फोनची फाइल आत घेतल्याबरोबर त्याने ओळखलं की फ्रेमरेट बदलता आहे आणि संपादनाला सोयीच्या स्वरूपात बदलून घेऊ का, असं विचारलं. नवख्या माणसाला ही सूचना वेळेवर मिळणं फार मोलाचं आहे. एकट्या कॅमेऱ्याचं काम असतं तर मी तिथेच थांबले असते. पण अनेक कॅमेऱ्यांत बटण दाबून फिरत कट करायचे तर शॉटकट अपुरं पडतं.

लिनक्सवरचा अनुभव जास्त शिकवणारा होता. रिझॉल्व्ह लिनक्सवर चालतं, पण मोफत आवृत्ती तिथे एच.२६४ आणि एच.२६५ दोन्ही उलगडत नाही. फोन आणि बहुतेक कॅमेऱ्यांत ज्या एएसी स्वरूपात आवाज साठवला जातो, तोही तिथे अडतो. त्यामुळे लिनक्सवर रिझॉल्व्ह वापरायचं तर सगळं फुटेज आधी डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेस या संपादनाला सोप्या स्वरूपांत आणि आवाज पीसीएम या न दाबलेल्या स्वरूपात बदलून घ्यायचा. याशिवाय ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नीट बसवलेला हवा. ज्याला लिनक्सची सवय आहे त्याला हे जमतं, पण नुसतं संपादन करायला बसलेल्या माणसाची त्यात दमछाक होते.

त्या डेस्कटॉपवर खरी चालली ती केडेनलाइव्ह. केडीई समुदायाची ही मुक्त स्रोत प्रणाली फाइल उलगडणाऱ्या एफएफएमपेग या मुक्त साधनाच्या बळावर जवळजवळ कुठलीही फाइल उघडते. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ठरावीक रुंदीपेक्षा मोठ्या फाइलची प्रॉक्सी आपोआप बनवायची खूण केली की ती पाठीमागे बनत राहते आणि आपण काम चालू ठेवू शकतो. अनेक कॅमेऱ्यांसाठीही तिच्यात सोय आहे, ट्रॅक एकाखाली एक लावून बघता-बघता निवडायचे. माझ्या दृष्टीने एकच उणीव: मी वापरलेल्या आवृत्तीत आतली प्रक्रिया ८-बिटमध्ये होत होती. रंगमंचावर निळा आणि लाल प्रकाश हळूहळू मंदावतो तेव्हा ८-बिटमध्ये मागच्या पडद्यावर पट्टे उमटतात. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. मुख्य कॅमेरा १०-बिटवर ठेवायचा आग्रह मी चित्रीकरणाच्या आधीच धरला होता तो या प्रकाशयोजनेसाठीच. ते शेवटी ८-बिटमध्ये दाबून टाकणं मला परवडणारं नव्हतं. गटातल्या मुलांनी समाजमाध्यमांसाठीच्या छोट्या झलका मात्र केडेनलाइव्हवरच केल्या आणि छान केल्या.

मॅक मिनीवर त्याच मुख्य कॅमेऱ्याच्या फाइल रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत टाकल्या आणि त्या धावल्या. प्रॉक्सी नाही, काही नाही, थेट. सॉफ्टवेअर तेच, पैसे तेवढेच (म्हणजे शून्य), फक्त यंत्र आणि प्रणाली बदलली. ‘या कामासाठी कुठलं सॉफ्टवेअर चांगलं’ असं मला कुणी विचारलं की मी आता आधी फाइल कुठली आणि यंत्र कुठलं हे विचारते, त्याचं कारण हा अनुभव.

मॅकवर ॲपलचं फायनल कट प्रोही चाचणीच्या मुदतीत वापरलं. ते विंडोज किंवा लिनक्सवर चालत नाही आणि मॅकची नस ओळखून बांधलेलं आहे हे पहिल्या तासातच जाणवतं. आवाजाच्या लहरी जुळवून कॅमेरे एका वेळेवर आणण्याचं काम त्याने झटपट केलं आणि कट करताना कुठेही अडलं नाही. मॅकवरच राहणार असतील त्यांनी ते जरूर बघावं. मला अडचण एवढीच की मॅक परत द्यायचा होता आणि फायनल कटचं प्रोजेक्ट विंडोजवर उघडणार नव्हतं. ॲपलचंच साधं आयमूव्ही ४के घेतं, पण त्यात अनेक कॅमेऱ्यांचं काम होत नाही, म्हणून ते लगेच बाजूला ठेवलं.

म्हणून ठरलं ते असं: सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह, सुरुवात आणि शेवट मॅकवर, मधलं लांबलचक कटिंग माझ्या लॅपटॉपवर, प्रॉक्सीच्या आधारे. दोन्ही यंत्रांवर रिझॉल्व्हची अगदी एकच आवृत्ती बसवली. नव्या आवृत्तीत एकदा उघडलेलं प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत परत जात नाही, त्यामुळे प्रोजेक्ट संपेपर्यंत कुठल्याही यंत्रावर अपडेट करायचं नाही असा नियम घालून घेतला.

प्रॉक्सी म्हणजे मूळ फाइलची हलकी प्रत. ती चित्राने लहान आणि उलगडायला सोपी असते, पण टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळेची खूण) आणि फ्रेमची संख्या अगदी मुळासारखी लागते. मी मॅकवर रिझॉल्व्हमधूनच एचडी आकाराच्या, प्रोरेस प्रॉक्सी स्वरूपातल्या प्रती बनवल्या. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते, त्यामुळे जुना लॅपटॉपही सहज उड्या मारतो. जागेचा हिशेब आधी केला. सेकंदाला २५ फ्रेमच्या एचडीला प्रोरेस प्रॉक्सी सुमारे ३८ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला १७ जीबी. दोन कॅमेऱ्यांचे दोन-दोन तास मिळून ७० जीबीच्या आत काम झालं.

हाच हिशेब पूर्ण ४के प्रोरेस ४२२ मध्ये केला असता तर एका कॅमेऱ्याच्या एका तासाला २२१ जीबी लागले असते. नुसत्या जागेचाच प्रश्न नाही. तेवढं फुटेज वाचायला एका कॅमेऱ्यासाठी सेकंदाला सुमारे ६१ मेगाबाइट लागतात. तीन कॅमेरे एकत्र लावले की साध्या फिरत्या हार्ड डिस्कची धाप लागते आणि एसएसडी अनिवार्य होते. मूळ एच.२६५ फाइलचं याच्या बरोबर उलटं आहे. त्यांना सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट लागतात, डिस्क आरामात असते आणि प्रोसेसर घाम गाळत असतो. अडखळणाऱ्या टाइमलाइनवर महागडी डिस्क आणून काही फरक पडला नाही अशी तक्रार मी खूपदा ऐकली आहे. आधी टास्क मॅनेजर उघडून कोण दमलंय ते बघावं: प्रोसेसर, ग्राफिक्स, रॅम की डिस्क.

प्रोजेक्ट आणि प्रॉक्सी एका बाहेरच्या एसएसडीवर घेऊन मी लॅपटॉपवर आले. ती डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली होती, कारण विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही आणि जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लॅपटॉपवर प्रॉक्सीच्या फोल्डरचा मार्ग नव्याने दाखवून द्यावा लागला. मूळ फाइल तिथे नव्हत्याच, तरी प्रॉक्सीवर काम चालू झालं. ज्या लॅपटॉपवर ते फुटेज धड चालतसुद्धा नव्हतं, त्याच्यावर मी पूर्ण नाटक कापलं.

कापताना टाइमलाइन एचडीचीच ठेवली. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनचं रिझोल्यूशन नंतर वाढवलं तरी चौकटी जिथल्या तिथे राहतात, त्यामुळे शेवटी ती ४के करता येते. पंख्याचा आवाज वाढला आणि वेग मंदावला की प्रिव्ह्यू अर्ध्यावर आणायचा आणि लॅपटॉप चार्जरला जोडूनच ठेवायचा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाला पूर्ण ताकद देत नाहीत.

आवाजाबद्दल थोडं. कॅमेरे आणि रेकॉर्डर यांची घड्याळं वेगवेगळी असतात. सुरुवातीला अचूक जुळलेला आवाज दोन तासांच्या सलग ध्वनिमुद्रणात शेवटी दोन-चार फ्रेम पुढेमागे होतो. नाटकात मध्यंतर असतं, तिथे तोडून दुसऱ्या अंकाचा आवाज नव्याने जुळवला की बघणाऱ्याला कळत नाही. फोनचं दुखणं वेगळं. तो उजेडानुसार आणि स्वतःच्या तापमानानुसार फ्रेमरेट वरखाली करतो, त्यामुळे आवाज सारखा घसरत राहतो आणि कुठे घसरेल याचा अंदाज बांधता येत नाही. त्या फाइल मी शटर एन्कोडर या मोफत प्रोग्राममधून ठाम २५ फ्रेमच्या करून घेतल्या. तीसच्या आसपासचे पंचवीस केले की हालचालीत बारीक धक्के येतात, पण विंगेतले शॉट बहुतेक स्थिर होते, म्हणून चाललं. पुढच्या वेळी फोनवर फ्रेमरेट बांधून ठेवणारं कॅमेरा ॲप वापरायचं ठरवलं आहे.

कापून झाल्यावर प्रोजेक्ट पुन्हा मॅकवर नेलं, मूळ फाइल जोडल्या, प्रॉक्सी बंद केल्या. रंगसंस्कार फक्त मूळ फाइलवर करायचा, हे मी कटाक्षाने पाळते. प्रॉक्सीत सावल्यांतला तपशील नीट दिसत नाही आणि नाटकाचा निम्मा जीव सावल्यांत असतो. या टप्प्यावर ग्राफिक्सच्या मेमरीची खरी परीक्षा होते. रिझॉल्व्ह रंगाचं गणित ३२-बिटमध्ये करतं. ४के ची एक फ्रेम चार वाहिन्यांत (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता) या अचूकतेने मेमरीत ठेवायची तर सुमारे १३३ एमबी लागतात आणि अशा कित्येक फ्रेम एकाच वेळी हाताळल्या जातात. माझ्या लॅपटॉपचं ४ जीबीचं कार्ड इथे लवकर भरलं असतं. मॅकमध्ये मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची मिळून असते, म्हणून १६ जीबीवर जमून गेलं, तेही ब्राउझर वगैरे सगळं बंद ठेवून. ८ जीबीच्या मॅकवर एचडीपर्यंत ठीक, ४के च्या रंगकामाला मी तो सुचवणार नाही.

अंधाऱ्या प्रवेशांत ग्रेन होता. तो काढायला स्टुडिओ आवृत्ती घ्यावी का, यावर आमच्या दिग्दर्शकांशी बोलणं झालं. तो प्रवेश मोठ्या पडद्यावर लावून पाहिल्यावर ते म्हणाले, “राहू दे. चेहरे गुळगुळीत झाले तर नटांच्या डोळ्यांतलं जाईल.” मलाही तेच वाटत होतं. फक्त एक पथ्य पाळावं लागतं: ग्रेन असलेलं चित्र फार दाबून एक्स्पोर्ट केलं की त्याचे चौकोनी ठोकळे होतात, म्हणून त्या कॉपीला बिटरेट (सेकंदाला किती डेटा) सढळ द्यायचा.

एक्स्पोर्ट दोन केले. जतनासाठी पूर्ण ४के, प्रोरेस ४२२ मध्ये, जी दोन तासांची फाइल ४४० जीबीच्या घरात गेली. आणि गटातल्या सगळ्यांना देण्यासाठी एचडी, एच.२६४, सेकंदाला १० मेगाबिट, सुमारे ९ जीबी. ही दुसरी फाइल जाणूनबुजून एच.२६४ मध्ये ठेवली. एच.२६५ ने ती निम्म्याच्या आसपास आली असती, पण कुणाच्या घरी जुना टीव्ही, कुणाचा जुना संगणक, आणि एच.२६४ जवळपास सगळीकडे चालतं. दोन्ही फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिल्या, एक मॅकवर आणि एक लॅपटॉपवर. नुसतं टोकाला जाऊन तपासलं तर मधली काळी पडलेली एखादी फ्रेम कळत नाही.

मॅक परत देण्याआधी मूळ फाइल, प्रोजेक्टची फाइल आणि टाइमलाइनची एक्सएमएल प्रत दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवली. एक्सएमएल अशासाठी की उद्या रिझॉल्व्ह सोडून दुसरं काही वापरायची वेळ आली तर रंगकाम नाही तरी निदान कट तरी तिथे उघडता येतील. प्रॉक्सी पुसून टाकल्या, त्या पुन्हा केव्हाही बनतात. एक डिस्क आता गटाच्या कपाटात आहे, दुसरी माझ्याकडे, आणि दोन्हींवर मूळ फुटेज कुठल्या कोडेकचं (दाबण्याच्या पद्धतीचं) आणि प्रोजेक्ट रिझॉल्व्हच्या कुठल्या आवृत्तीचं ते लिहून चिकटवलं आहे.